डोंगरावरचा पुनर्दर्शक

मराठी मध्यमवर्गीय प्रौढ पुरुषांचे वर्गीकरण व्यवसाय, आहार आणि राजकीय मते या आधारांवर आजवर पुरेसे झालेले असले, तरी गेल्या काही वर्षांत उदयाला आलेल्या एका वर्गाकडे अभ्यासकांचे लक्ष अद्याप गेलेले दिसत नाही. या वर्गाला सोयीसाठी 'पुनर्दर्शक' म्हणता येईल. लहानपणी दूरचित्रवाणीवर पाहिलेला एखादा भडक, गाणी, नाच, नकला आणि जादू यांची खिचडी असलेला कार्यक्रम पन्नाशीत मोबाइलवर शोधून काढणे, तो पाहताना त्याला सतत नावे ठेवणे आणि संपल्यावर तोच पुन्हा पहिल्यापासून लावणे, ही या वर्गाची लक्षणे होत. यांपैकी केवळ पहिले लक्षण आढळले तर तो माणूस हौशी समजावा आणि केवळ दुसरे आढळले तर समीक्षक. तिन्ही एकत्र दिसल्याशिवाय निदान पक्के करू नये.

हा वर्ग मुंबई-पुण्यापासून निपाणी-बेळगावपर्यंत सर्वत्र विखुरलेला असला, तरी त्याचे निरीक्षण करण्यास पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी, म्हणजे कोल्हापूरपासून सुमारे अठरा किलोमीटरवरचा जोतिबाचा डोंगर, यासारखे दुसरे सोयीचे ठिकाण नाही. माघ महिन्यातील रविवारी येथे 'खेटे' घालण्याची प्रथा आहे. खेटा म्हणजे दर्शनासाठी पायी, आणि तीही अनवाणी, केलेली फेरी. निघून चाललेल्या केदारनाथाची, म्हणजेच जोतिबाची, मनधरणी करण्यासाठी करवीरनिवासिनी अंबाबाई अनवाणी चालत डोंगरावर आली, अशी या प्रथेमागची कथा असून भाविक तिचे अनुकरण म्हणून पाच रविवार ही पायपीट करतात. पहाटेच्या अंधारात कोल्हापुरातून निघालेला पन्नाशीतला गृहस्थ कुशिरे मागे टाकून, गायमुखाची चढण चढून, रांगेत उभा राहून, दर्शन उरकून आणि जेवण करून दुपारी मोकळा होतो, तेव्हा त्याच्यापाशी दोनच गोष्टी उरलेल्या असतात : सुजलेले पाय आणि मोबाइल. डोंगरावरील गुरवांच्या, म्हणजे परंपरेने पूजेचा मान असलेल्या पुजाऱ्यांच्या, घरी ओळखीच्या भाविकांनी उतरण्याची जुनी वहिवाट आहे. अशा घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीवजा खोलीत, उन्हे कलेपर्यंत भिंतीला टेकून बसलेले चार-पाच समवयस्क पुरुष अनायासे सापडतात, आणि त्यांतला एक जण जरी पुनर्दर्शक असला तरी उरलेल्यांना लागण होण्यास अर्धा तास पुरतो.

पुनर्दर्शक नेमके काय पाहतो, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. छोट्या प्रहसनांची माळ असलेला 'गजरा', याकूब सईद आणि बबन प्रभू यांचा 'हास-परिहास', रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून मालकाचा पाणउतारा करणारा अर्धवटराव हा बोलका बाहुला, आणि पुढच्या काळात आदेश बांदेकर यांचे निवेदन असलेला 'ताक धिना धिन' हा गाण्यांचा खेळ, ही मराठी करमणुकीची नावाजलेली मंडळी होत. त्यांच्याविषयी जाणकारांनी पुष्कळ गौरवाने बोलून ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. पुनर्दर्शकही त्यांची नावे आदराने घेतो, परंतु त्याचा जीव मात्र त्यांच्यावर जडलेला नसतो. त्याचा जीव जडलेला असतो तो ३१ डिसेंबरच्या रात्री, दिवाळीत किंवा कसलेही निमित्त नसताना लागणाऱ्या 'रंगारंग' कार्यक्रमांवर. रंगारंग कार्यक्रम म्हणजे ज्यात पुढे येणाऱ्या गोष्टीचा मागच्या गोष्टीशी काडीचाही संबंध नसतो असा कार्यक्रम : लावणीनंतर जादूगार, जादूगारानंतर त्याच त्या तीन नटांचे आवाज काढणारा नकलाकार, त्याच्यामागून कव्वाली, आणि या सर्वांना एका सूत्रात गुंफण्याची जबाबदारी डोक्यात फुले माळलेल्या एका निवेदिकेवर, जिला प्रत्येक वेळी "आणि आता थोडा वेगळा रंग" एवढेच म्हणता येत असे.

कोल्हापूरकडे हे सर्व जरा उशिरा आणि जरा गाळून आले. १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि १९८४ च्या मध्यापासून काही महिने जवळजवळ दररोज एक या वेगाने देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. लघुशक्ती केंद्र म्हणजे दिल्लीहून उपग्रहामार्फत आलेला कार्यक्रम आसपासच्या थोड्या किलोमीटरांत पसरवणारे लहान केंद्र; त्यामुळे अशा केंद्रांच्या भरवशावरील पुष्कळ घरांना आपली म्हणून जी दूरचित्रवाणी प्रथम भेटली, ती हिंदी बोलत होती. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात, म्हणून एरिअल, म्हणजे छपरावरची ॲल्युमिनिअमच्या नळ्यांची शिडी, जितकी उंच तितके चित्र स्वच्छ, असा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव होता. पुनर्दर्शक याच नियमाच्या आधारे असा दावा करतो की, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर असलेल्या जोतिबाच्या डोंगरावर जे चित्र दिसत असे तसे खाली शहरात राजवाड्यावरसुद्धा दिसत नसे. हा दावा भौतिकशास्त्राला धरून असला, तरी तो करणाऱ्या गृहस्थाचे बालपण खाली शहरातल्याच मंगळवार पेठेत गेलेले असते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

त्या कार्यक्रमांच्या भडकपणाची कारणे मात्र त्याला सांगता येत नाहीत, आणि ती सांगितलेली आवडतही नाहीत. तरीही ती येथे नोंदवणे आवश्यक आहे. कृष्णधवल चित्रात वर्षानुवर्षे राखाडीच्या छटा मोजलेल्या माणसांच्या हाती एकदम सगळे रंग आले, तेव्हा एकही रंग वाया जाऊ न देण्याकडे त्यांचा कल होणे साहजिक होते. थर्माकोलचे खांब, त्यांवर चंदेरी कागद, मागे जिलेटिनच्या रंगीत कागदांतून सोडलेला जांभळा आणि पोपटी उजेड, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर 'स्टार फिल्टर', म्हणजे बारीक रेषा कोरलेली एक काच, जिच्यामुळे प्रत्येक दिव्याला आणि गायिकेच्या कुड्यांतील प्रत्येक खड्याला चार टोकांची चांदणी फुटत असे, हे नेपथ्याचे मूलद्रव्य होते. जमिनीवर धूर सोडण्यासाठी कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, गरम पाण्यात टाकला जाई. हा धूर थंड आणि जड असल्यामुळे वर न चढता गुडघ्यांपाशी रेंगाळतो, आणि म्हणून त्या काळातील पुष्कळ समूहनृत्ये केवळ गुडघ्यांच्या वरच्या भागांनी सादर केलेली दिसतात. 'क्रोमा की' हे तंत्र, ज्यात कलावंताला निळ्या पडद्यासमोर उभे करून निळ्याच्या जागी दुसरे चित्र बसवले जाते, तेव्हा इतके कच्चे होते की काश्मीरच्या सरोवरावर गाणाऱ्या गायकाच्या केसांभोवती निळी किनार थरथरत राही, आणि त्याने चुकून निळी बंडी घातलेली असली तर पोटाच्या जागी शिकारा तरंगत जाई. गाणे आधी ध्वनिमुद्रित केलेले असल्याने गायकाला केवळ ओठ हलवायचे असत. काही गायक गाणे संपल्यावरही सौजन्य म्हणून थोडा वेळ हलवत.

यापुढची करामत फितीची. घरोघरी वापरल्या गेलेल्या व्हीएचएस फितीवर चित्राचा उजेड-अंधार सुमारे २४० रेषांइतक्या बारकाईने उतरतो, रंग मात्र जेमतेम ४० रेषांइतक्या. याचा अर्थ असा की आकृतीची कड जागेवर राहते आणि तिचा रंग कड ओलांडून शेजारी सांडतो. हा दोष लाल-गुलाबी रंगात सर्वांत अधिक दिसतो, म्हणून जुन्या फितीतील लावणीसम्राज्ञीचे लुगडे तिच्या मागोमाग अर्ध्या वितीच्या अंतराने नाचत असते. एकाच फितीवर आधी असा कार्यक्रम आणि नंतर त्याच घरातील कोणी चित्रित केलेली जोतिबाची गुलालाने माखलेली चैत्र यात्रा असेल, तर दोहोंतला गुलाबी सारखाच सांडलेला आढळतो, आणि त्यांपैकी एका ठिकाणी तो खरोखरच सांडलेला होता हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

पुनर्दर्शकाचे बाह्य स्वरूप सामान्य असते. वय पंचेचाळीस ते साठ. पांढरा सदरा, जो खेट्यावरून परतताना गुलाबी होणार हे माहीत असूनही पांढराच निवडलेला. नाकाच्या शेंड्यावर जवळचा चष्मा. आणि मोबाइल छातीशी न धरता हातभर लांब धरण्याची सवय, कारण त्याच्या मते चित्र लांबूनच पाहायचे असते. सोप्यात बसल्या बसल्या तो प्रथम कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणतो, "काय एकेक भंगार लावायचे त्या वेळी, बगा." हे वाक्य तक्रारीचे वाटले तरी ते वस्तुतः आमंत्रण होय. शेजारच्याने "काय हुतं?" असे विचारताच मोबाइल मधोमध गुळाच्या ढेपेला टेकवून उभा केला जातो, आवाज वाढवला जातो आणि समीक्षा सुरू होते. "हे बगा, हे बगा, आता पडणार हा." कोणी पडत नाही. "थांबा, पुढं हाय." पुढेही कोणी पडत नाही. तोपर्यंत प्रेक्षकांची संख्या सहा झालेली असते, आणि आतून ताक घेऊन आलेला पुजाऱ्याचा मुलगाही उंबऱ्यावर टेकलेला असतो.

नावे ठेवण्याची ही क्रिया वरवरची नाही. पुनर्दर्शकाच्या संपूर्ण जीवनक्रमाची किल्ली तिच्यात आहे. त्याने हे कार्यक्रम प्रथम पाहिले तेव्हा त्याला ते भडक वाटले नव्हते. चाळीत किंवा पेठेत ज्या एका घरी टीव्ही असे, तेथे जमिनीवर पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून त्याने त्या घरची दळणे आणली होती, आणि पोपटी उजेडातली ती चांदणी त्याला थेट स्वर्गातून आल्यासारखी वाटली होती. पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तो पुण्याला, बहुधा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात, गेला आणि तेथे सहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या एका सुशिक्षित सोबत्याने त्याला 'पांचट' हा शब्द शिकवला. या शब्दाने त्याच्या आयुष्याचे दोन भाग केले. पहिल्या भागात जे जे आवडले होते ते सर्व दुसऱ्या भागात पांचट ठरले, आणि त्याने ते मुकाट्याने ठरू दिले, कारण खोलीतला पंखा त्या सोबत्याचा होता. पंचवीस-तीस वर्षांनंतर तो जेव्हा पुन्हा तो कार्यक्रम लावतो, तेव्हा तो पाहण्याची परवानगी त्याला स्वतःकडूनच घ्यावी लागते, आणि ती केवळ नावे ठेवण्याच्या अटीवर मिळते. जो पुनर्दर्शक तोंडाने जितका अधिक झोडपतो, तो तितका अधिक गुंतलेला असतो. यांपैकी एखादा अचानक गप्प झाला तर काळजी करण्याचे कारण नाही. लावणी चालू असावी.

त्याचे स्मरण हा स्वतंत्र विषय आहे. त्याला प्रत्येक कार्यक्रम मुळात होता त्यापेक्षा लांब, मोठा आणि अधिक विनोदी आठवतो. एखादे प्रहसन त्याने तीस वर्षे मित्रांना सांगितलेले असते, आणि सांगता सांगता त्यात एक सासू, एक पोलीस हवालदार आणि शेवटचा एक जोरदार टोला यांची भर पडलेली असते. मूळ फीत सापडल्यावर असे दिसते की हवालदार कधी आलाच नव्हता, सासू दारामागून एकदा खोकली होती आणि ज्या ठिकाणी टोला असायला हवा तेथे नट संवाद विसरून पाणी प्यायला होता. अशा प्रसंगी सामान्य माणूस आपली आठवण दुरुस्त करतो. पुनर्दर्शक फीत दुरुस्त करतो. "हे कापलेलं हाय," असे तो शांतपणे सांगतो. "हवालदाराचा तुकडा काढलाय ह्येंनी. वरनं प्रेशर आलं असणार." हवालदाराची भूमिका कोणी केली होती, असे विचारले असता तो एका अशा नटाचे नाव घेतो ज्याला नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते.

दुवे जोडण्यातही त्याची बुद्धी कुशाग्र असते. अर्धवटरावाचे सूत्रधार रामदास पाध्ये. त्यांनीच १९९३ च्या 'झपाटलेला' या चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुला घडवला. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक महेश कोठारे. आणि २०२० मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर आलेली 'दख्खनचा राजा जोतिबा' ही मालिका कोठारे यांच्याच संस्थेची. ही चार विधाने सत्य आहेत. त्यांवरून पुनर्दर्शक जो निष्कर्ष काढतो, की त्या जुन्या कार्यक्रमांवर पहिल्यापासून जोतिबाचा हात होता, तो मात्र पुजाऱ्यांच्या घरातही स्वीकारला जात नाही. पुजारी हसतात आणि ताक पुढे करतात.

येथे या डोंगराचा आणि त्या भडकपणाचा संबंध पाहणे अगत्याचे आहे, कारण पुनर्दर्शक तो स्वतः कधीच पाहत नाही. शिंदे घराण्याचे हे कुलदैवत. आजचे मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये आणि शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधल्याची नोंद आहे. काळ्या दगडाची ही देवळे स्वतः अत्यंत संयमी आहेत, आणि त्यांच्या संयमावर चैत्र पौर्णिमेला जे काही केले जाते ते पाहण्यासाठी लाखो माणसे येतात. सासनकाठ्या, म्हणजे झेंडे, कापड आणि फुलांनी सजवलेले चाळीस-चाळीस, साठ-साठ फूट उंचीचे बांबू, हलगी आणि पिपाणीच्या तालावर नाचवले जातात, सांभाळण्यासाठी चारी बाजूंनी दोर धरलेले असतात, आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण इतकी होते की पायऱ्या, दीपमाळा, पोलीस, बैल, वार्ताहर आणि आकाश यांचा रंग एक होतो. देवाची रोजची अलंकार पूजाही तशीच : झुपकेदार मिशा, तुरा लावलेला फेटा, झळाळणारे वस्त्र आणि सरदारी थाट. पुनर्दर्शक या सगळ्यात पुढे असतो. त्याच्या कानात गुलाल आठवडाभर टिकतो आणि तो काढण्याची त्याला घाई नसते. ही उधळण अभिरुचीला धरून आहे की नाही, असा प्रश्न त्याला कोणी विचारला तर त्याला तो प्रश्नच कळणार नाही. तोच माणूस सोप्यात येऊन बसतो, त्याच कानाने ऐकतो, त्याच गुलाबी हाताने मोबाइल धरतो आणि पडद्यावरच्या चंदेरी कागदाला पाहून म्हणतो, "काय तो भडकपणा!" प्रस्तुत लेखकाच्या मते यात दांभिकता मुळीच नाही. डोंगरावर पुण्याचा तो सोबती कधी आलेला नसतो एवढेच. पडद्यासमोर मात्र तो अजूनही शेजारी बसलेला असतो, आणि पंखा त्याचाच असतो.

कुटुंबातील स्त्रियांनी या प्रकाराविषयी फारशी मते व्यक्त केलेली नाहीत. पुनर्दर्शकाची पत्नी सोप्याच्या आतल्या बाजूला डाळ निवडत बसलेली असते आणि मधूनच, वर न पाहता, "अहो, त्या बाईनं मगाशी हिरवी साडी नेसलेली, आता लाल कशी?" असा एकच प्रश्न विचारते, ज्यामुळे तो कार्यक्रम दोन वेगवेगळ्या दिवशी चित्रित झाला होता ही गोष्ट, जी सहा पुरुषांना आठ वेळा पाहूनही कळलेली नसते, उघड होते. त्यानंतर सोप्यात काही काळ शांतता असते.

मुलाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तोही पुनर्दर्शक झालेला असतो, आणि हे बापाला सहन होत नाही. मुलाचा कार्यक्रम म्हणजे १८ ऑगस्ट २०१४ रोजी झी मराठीवर सुरू झालेला 'चला हवा येऊ द्या' : डॉ. नीलेश साबळे यांचे निवेदन, थुकरटवाडी हे काल्पनिक गाव, साड्या नेसलेले पुरुष, त्यांत भाऊ कदमांची नुसती एन्ट्री झाली की उठणारा हशा, आणि या साऱ्या धांगडधिंग्याच्या मध्येच पोस्टमन होऊन पत्र वाचत लोकांना रडवणारे सागर कारंडे. मुलगा हे सर्व शाळेत असताना आजीच्या मांडीला टेकून पाहत असे, म्हणून त्याच्या लेखी तो प्राचीन काळ आहे. "पप्पा, हे जुनं हाय," असे तो म्हणतो तेव्हा बापाचा पारा चढतो. २०१४ हे साल जुने कसे असू शकते, त्या वर्षी घेतलेली दुचाकी तर अजून दारात उभी आहे, असा त्याचा युक्तिवाद असतो. जुने होण्यासाठी एखाद्या कार्यक्रमाला काय भोगावे लागते याची बापाची यादी मोठी आहे : एरिअल फिरवायला कोणीतरी छपरावर चढलेले असले पाहिजे, ऐन रंगात 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी आली पाहिजे, आणि पुढचा भाग पाहण्यासाठी आठवडाभर थांबून त्या दिवशी नेमकी वीज गेलेली असली पाहिजे. मुलगा यावर सांगतो की त्याच्या कार्यक्रमातही जाहिराती फार होत्या. दोघे नंतर एकमेकांचे कार्यक्रम पाहतात आणि, बापाने कबूल केले नाही तरी, पत्र वाचले जात असताना तो चष्मा पुसण्यासाठी काढतो. गुलाल डोळ्यांत गेल्याचे कारण डोंगरावर वर्षभर चालते.

पुनर्दर्शकाचे खरे दुर्दैव वेगळेच आहे. दूरदर्शनच्या त्या काळातील फिती महाग होत्या, म्हणून एकदा प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा चित्रित करण्याची पद्धत होती, आणि असे कित्येक कार्यक्रम कायमचे गेले. जे वाचले त्यांतले काही सह्याद्री वाहिनीने आणि प्रसार भारतीच्या संग्रहाने अलीकडे इंटरनेटवर खुले केले आहेत, परंतु वाचवताना स्वाभाविकपणे चांगले ते वाचवले गेले. शास्त्रीय गायनाच्या मैफली राहिल्या, कवींच्या मुलाखती राहिल्या, नाटके राहिली. गुडघ्यापर्यंत धुरात बुडालेले समूहनृत्य टिकवावे असे कोणाही अधिकाऱ्याला वाटले नाही. त्यामुळे पुनर्दर्शकाला आपले दैवत शोधण्यासाठी लोकांच्या घरी ध्वनिचित्रमुद्रकावर, म्हणजे व्हीसीआरवर, नोंदवल्या गेलेल्या आणि पुढे कोणीतरी इंटरनेटवर टाकलेल्या फितींवर विसंबावे लागते, ज्यांत कार्यक्रमाचा मध्य असतो पण सुरुवात नसते, आवाज असतो पण डोके कापलेले असते, आणि साबणाच्या जाहिराती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सुखरूप असतात. दुसरीकडे, पुसल्या गेलेल्या कार्यक्रमांबाबत त्याला मोकळे रान मिळते, कारण खोटे पाडणारा पुरावा शिल्लक नाही. वर उल्लेखिलेला हवालदार बहुधा अशाच फितीत सेवा बजावत असावा.

या शोधात पुनर्दर्शकाच्या वाट्याला क्वचित यशही येते. अनेक महिन्यांच्या उत्खननानंतर त्याला हवा असलेला नेमका तुकडा, म्हणजे पोपटी उजेडात जादूगार निवेदिकेच्या कानामागून कबूतर काढतो आणि ते कबूतर थर्माकोलच्या खांबावर जाऊन बसते तो, कोणा अनोळखी कुटुंबाच्या फितीवर सापडतो. तो पाऊण मिनिटाचा असतो. कबूतर खांबावर बसताच चित्र थरथरते, आडव्या रेषा येतात आणि त्याच फितीवर पुढे चित्रित केलेला एक विवाहसोहळा सुरू होतो, कारण त्या घरातल्या कोणीतरी व्हिडिओ शूटिंगवाल्याला कोरी म्हणून हीच फीत दिलेली होती. पहिल्या वेळी पुनर्दर्शक हळहळतो. दुसऱ्या वेळी कबुतरानंतर बंद करायला विसरतो. त्यानंतर मात्र तो लग्नाला मुद्दाम थांबू लागतो. नवऱ्याच्या मामाचा फेटा तीनदा सुटतो आणि तिन्ही वेळा तोच एक जण तो बांधतो हे त्याने शोधून काढलेले असते. पंगतीत जिलेबी दुसऱ्यांदा फिरली नाही याविषयी त्याचे मत स्पष्ट असते. करवली उगाच कॅमेऱ्यासमोर येते असे त्याने आधी म्हटलेले असते, नंतर ते मागे घेतलेले असते. मंडप कोणत्या गावचा असावा यावर सोप्यात दोन तट पडतात, कागलकडचा आणि शिरोळकडचा, आणि ताक घेऊन आलेल्या पुजाऱ्याच्या मुलालाही एक बाजू घ्यावी लागते. वरमाईचा रुसवा काढण्यासाठी मंडळी दारात जमलेली असताना फीत पुन्हा थरथरते आणि मूळ कार्यक्रमाचे शेवटचे अर्धे मिनिट परत येते, ज्यात निवेदिका साऱ्यांना नूतन वर्षाच्या शुभेच्छा देत असते. पुनर्दर्शक चिडून बोट फिरवतो, कारण ती बाई नेमकी मध्ये आल्यामुळे वरमाई शेवटी जेवायला बसली की नाही हे त्याला अजून कळलेले नाही.